एकोणतिसाचं खूळ



सध्या आपल्या अरेरा कॉलोनीत एकच विषय चाललाय. माउंटन बाइक घ्यायची तर चाक कितीचं? आणि उत्तरही एकच, एकोणतीस. दहा नंबरला भाजी घेताना काका तेच सांगतात, शाहपुरा तलावावर सकाळी भेटणाऱ्या वहिनी तेच सांगतात. मी माझ्या सव्वीसचं नाव काढलं की चेहरे असे होतात जणू घरात अजून चूल आहे. "ताई, ती आता कबाड्याला देऊन टाका." ह्या सगळ्याला माझा विरोध आहे आणि आज तो सविस्तर लिहिते. राग आला तर घरी चहाला या, समोरासमोर भांडू.

आधी थोडं जुनं. १ नोव्हेंबर १९५६ला भोपाळ नव्या मध्यप्रदेशची राजधानी झालं आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं पेट्या-वळकट्यांसकट इकडे आली. आमचे बाबा त्यातलेच. कोणी ग्वाल्हेरहून आलं, कोणी इंदूर-देवासहून, पुढे कोणी भेलच्या नोकरीवर. सरकारी नोकरीत सायकलसाठी अ‍ॅडव्हान्स मिळायचा, पगारातून हप्ता कापला जायचा. त्यातून घरात यायची ती काळी, दांड्याची, सळईच्या ब्रेकची सायकल. दुकानदार विचारायचा, "बाईस दूँ कि चौबीस?" हा आकडा फ्रेमचा असायचा, चाकाचा नाही! चाक अठ्ठावीसचंच. गिऱ्हाईक उभं कसं राहतं ते बघून फ्रेम ठरायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गंमत बघा. त्या काळ्या सायकलच्या रिमवर टायर जिथे बसतो, तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. आणि ह्या नव्या एकोणतीसचा? ६२२. म्हणजे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येणाऱ्या दूधवाल्या भैय्यांच्या सायकलची रिम तुमच्या एकोणतीसपेक्षा १३ मिलिमीटर मोठी आहे. नव्या सायकलचा टायर जाड, म्हणून बाहेरून मोजलं की आकडा वर जातो, इतकंच. तेव्हा "मोठं चाक हा नवा शोध" वगैरे आम्हाला सांगू नका. मोठ्या चाकावर आम्ही कैंची शिकलोय, दांड्याखालून पाय घालून, ढोपरं फोडून.

मग माउंटन बाइकला सव्वीस कुठून आलं? ते काही फार विचार करून ठरलेलं नव्हतं. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३च्या सुमारास पोरांच्या सायकलला सव्वीसचे जाड टायर लावले. पुढे १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण असल्याच जुन्यापान्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायला लागले. त्या शर्यतीचं नाव रिपॅक. उतारावर ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक वेळी ते नव्याने भरायला लागायचं, म्हणून ते नाव. जाड टायर सव्वीसमध्येच सहज मिळत होते, म्हणून सव्वीस. साडेसत्तावीस आणि एकोणतीसच्या रिमला बसतील असे फिनलंडचे बर्फातले टायरही काही जणांनी लावून पाहिले, पण त्यांचा माल भरवशाने येईना. टायर मिळतो की नाही, ह्यावर सगळं ठरलं. हाही मुद्दा लक्षात ठेवा.

एकोणतीसच्या बाजूने जे खरं आहे ते मी नाकारत नाही. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावरून सहज जातं, एकदा वेग धरला की सोडत नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावीने एकोणतीसवर सुवर्ण घेतलं, नीनो शुर्टर साडेसत्तावीसवर दुसरा आला. पुढे तोच शुर्टर एकोणतीसवर गेला. आज शर्यतीत एकोणतीसचंच राज्य आहे, ठीक. आपल्या ग्रुपमधले एक सद्गृहस्थ तर सांगतात, "शुर्टर काय सहा फुटी आहे का? तो चालवतो, मग तुम्ही का नाही?" बरोबर, शुर्टर पाच फूट आठ इंचाचाच. पण त्याची फ्रेम त्याच्या मापाची असते, हँडल पाहिजे तितकं खाली घेतलेलं असतं आणि सायकल इतकी हलकी की आपण दोन बोटांनी उचलू. आपल्याला दुकानात काय मिळतं? पंधरा-सोळा किलोचं धूड, आणि फ्रेमचं माप विचारलं की उत्तर येतं, "दीदी, एक ही साइज़ आता है, सीट नीचे कर देंगे." अहो, सीट खाली केली म्हणून दांडा खाली येतो का?

माझा खरा राग इथे आहे. बाबांच्या काळात दुकानदार फ्रेम विचारायचा, आता फक्त चाक विकतो. अंगाला लागणारा आकडा गेला आणि मिरवायचा आकडा राहिला.

आणि ते आकडेही धड नाहीत. सव्वीसची रिम ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसची ५८४, एकोणतीसची ६२२. वाटतं की साडेसत्तावीस बरोब्बर मधोमध आहे. कुठलं काय! सव्वीसपासून ते २५ मिलिमीटरवर आहे आणि एकोणतीसपासून ३८वर. म्हणजे ते सव्वीसचं सख्खं भावंड आहे आणि एकोणतीसचं चुलत. २.१ इंचाचा टायर चढवला तर बाहेरून जेमतेम सव्वासत्तावीस भरतं.

"दगडावरून जातं" हेही मी वही घेऊन मांडून पाहिलं. समोर पाच सेंटिमीटर उंच दगड आला, तर चाक त्याला किती अंशात भिडतं? सव्वीस सुमारे ३२ अंश, साडेसत्तावीस ३१, एकोणतीस ३०. फरक आहे, शर्यतीत तो सेकंदांत दिसतोही. पण आपण शर्यतीला नाही, चूना भट्टीवरून कलियासोतपर्यंत जाऊन पोहे-जिलेबी खाऊन परत येतो. ह्या एक-दोन अंशांपेक्षा टायरमधली हवा थोडी कमी केली तर दगड जास्त मऊ लागतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. बरं, उलट बाजू कोणी सांगत नाही. गिअर तेच ठेवले तर एकोणतीसचं चाक सव्वीसच्या मानाने नऊ टक्क्यांच्या वर भारी पडतं. चांगल्या सायकलमध्ये पुढची चकती लहान देऊन ते भरून काढतात, स्वस्तातल्या सायकलमध्ये देतीलच असं नाही. शाहपुरा पहाडीच्या चढावर दम लागला की वय आठवतं. जरा चकतीकडेही बघा!

आता मूळ गोष्ट. हे खूळ कोणाला भोवतं? उंच पुरुषांना नाही, त्यांनी खुशाल एकोणतीस घ्यावं, शोभतं त्यांना. भोवतं ते आपल्या घरातल्या पाच फुटी बायकांना आणि वाढत्या पोरांना.

माझा भाचा तेरा वर्षांचा. एका दुकानात (कुठल्या, ते सांगत नाही) त्याला एकोणतीस दिली. "दो साल में बच्चा बड़ा हो जाएगा, फिर दुबारा खर्चा करोगे क्या?" सायकल म्हणजे काय दिवाळीचा शर्ट आहे, दोन बोटं मोठा घ्यायला? उतारावर कुत्रं आडवं आलं, पोराने ब्रेक मारला, पाय टेकवायला गेला तर जमीन चार बोटं खाली. दांड्यावर आपटला, हातावर पडला, सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. प्लास्टर निघालं तरी तो सायकलला हात लावत नाही. मला मनगटापेक्षा हे जास्त लागतं. हाड जुळलं, पण पोराची सायकल सुटली. कोणी म्हणेल दोष फ्रेमचा, चाकाचा नाही. अगदी! पण विकताना फ्रेमचा शब्द तरी काढला होता का?

आपलं सरकारसुद्धा शाळेतल्या मुलांना सायकल वाटतं तेव्हा सहावीला अठरा इंची आणि नववीला वीस इंची देतं. फुकट वाटणाऱ्यालाही कळतं की मूल आज जेवढं आहे तेवढीच सायकल त्याला हवी. हजारो रुपये मोजणाऱ्याला कळू नये?

आणि बायकांचं म्हणाल, तर कमी उंचीला मोठं चाक दिलं की वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला घासतो. मी पाच फूट एक इंच आहे, मैत्रिणीच्या नव्या सायकलवर हे अनुभवलंय. जुन्या कंपन्यांना एवढी अक्कल होती. पुरुषांच्या काळ्या सायकलला अठ्ठावीस आणि बहुतेक लेडीज सायकलला सव्वीस, दांडाही खाली वाकवलेला. त्याच सायकलवर आपल्यातल्या किती जणी कॉलेजला, ट्यूशनला गेल्या, आठवा जरा. आता "सगळ्यांना सारखं" म्हणत पुरुषी माप सगळ्यांच्या गळ्यात मारतात, आणि बाई दोनदा घाबरली की सायकल बाल्कनीत टॉवेल वाळवायला. अशा तीन बाल्कन्या मला माझ्या गच्चीवरून दिसतात.

पंचरवाल्याचं विसरू नका. सव्वीसची ट्यूब कोणत्याही झाडाखालच्या पंचरवाल्याकडे मिळते. साडेसत्तावीस-एकोणतीससाठी मोठ्या दुकानात जावं लागतं, आणि केरवाच्या रस्त्यावर मोठं दुकान नाही. पण सव्वीसवाल्यांनो, तुम्हीही फसू नका. सव्वीसमध्ये दोन जाती आहेत. टायरवर २६ × १.९५ असं टिंब असेल तर माउंटन बाइकचं, रिम ५५९. २६ × १ ३/८ असा अपूर्णांक असेल तर लेडीज सायकलचं, रिम ५९०. एकाचं दुसऱ्याला मेलं तरी बसत नाही. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ५०-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं, चष्मा लावून तेच वाचायचं. दुसरा आकडा खरा, बाकी सगळी जाहिरात.

आणि आपल्याकडच्या वाटा कशा आहेत? कलियासोत-केरवाकडे मुरूम आणि सुटे दगड. पावसाळ्यात डांबर सोडलंत तर काळी माती, टायर आणि फोर्कच्या मधे अशी बसते की चाक फिरेनासं होतं. तिथे चाकाच्या आकड्यापेक्षा टायरच्या बाजूला मोकळी जागा किती, हे जास्त महत्त्वाचं. (तिकडे वाघही फिरतात, तेव्हा एकटे आणि अंधारात जाऊ नका, चाक कितीचंही असो.)

तर माझं म्हणणं, हट्टी म्हणा हवं तर, पण स्पष्ट आहे. दुकानात गेल्यावर आधी चाक विचारू नका. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीवर आणि मधे तीन-चार बोटं जागा, असं असेल तरच पुढे बोला. मग पाय पॅडलवर ठेवून हँडल पूर्ण वळवा, अंगठा घासतो का बघा. पाच फूट तीनच्या खालच्यांनी साडेसत्तावीसच्या वर जायचं काही कारण नाही. पाच-आठच्या वरच्यांनी बिनधास्त एकोणतीस घ्या. मधल्यांनी दोन्ही चालवून पाहा, मोठी चक्कर मारून, दुकानासमोर चार पावलं नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांना चोवीस. दोन वर्षांनी ती धाकट्याला जाईल, आपल्या घरांत वस्तू अशाच फिरत आल्यात.

आणि घरात सव्वीस पडली असेल तर आधी चाकांचा आऊट काढून घ्या, ब्रेकचे रबर बदला, नवे टायर घाला. नव्या सायकलच्या किमतीपुढे हा खर्च चिल्लर आहे. त्यावर महिनाभर फिरा. तरीही एकोणतीसच हवीशी वाटली तर घ्या, मी अडवणार नाही. पण जुनी कबाड्याला घालू नका. सकाळी कामावर येणाऱ्या मावशींच्या मुलीला द्या, तिची शाळा लांब आहे आणि तिला चाक कितीचं ह्याने काही फरक पडत नाही, पाय टेकला पाहिजे.

तुमच्या घरात पहिली सायकल कोणती होती, बावीस की चोवीस, आणि ती आता कुठे आहे, तेही लिहा. भांडणाचं नंतर बघू.