सात मोठा की पाच?

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपची चर्चा रंगते. पन्नास-साठ हजारांची खरेदी, तीही अनेक घरांत हप्त्यांवर. दुकानात मात्र निर्णय होतो तो स्टिकरवरच्या एका आकड्यावर. ‘आय-५’पेक्षा ‘आय-७’ चांगला, ‘रायझेन ५’पेक्षा ‘रायझेन ७’ चांगला! हा हिशेब सोपा आहे, पण पुष्कळदा फसवा आहे.

इंटेलच्या बाराव्या पिढीतले दोन प्रोसेसर पाहू : ‘आय-७ १२५५यू’ आणि ‘आय-५ १२५००एच’. नावावरून पहिला वरचढ वाटतो. प्रत्यक्षात त्यात जोरकस कोअर दोनच आहेत, दुसऱ्यात चार. कमी वीज खाणारे आठ कोअर दोघांतही आहेत. खरी गोम शेवटच्या अक्षरात आहे. ‘यू’ म्हणजे मूळ वीजमर्यादा १५ वॅट, ‘एच’ म्हणजे ४५ वॅट. घटकाभराच्या कामात हा फरक जाणवणार नाही. तासभर गेम खेळताना किंवा व्हिडिओ संपादित करताना मात्र ‘पाच’ ‘सात’ला मागे टाकतो. २०२३च्या अखेरीस इंटेलने ‘कोअर अल्ट्रा’ हे नवे नाव आणले, तरी ‘यू’ आणि ‘एच’ ही अक्षरे तेव्हा कायम राहिली.

एएमडीची तऱ्हा वेगळी. ‘रायझेन ५ ७५२०यू’ हे नाव २०२२मध्ये नव्या असलेल्या ७००० मालिकेतले. पण त्यातला तिसरा अंक, म्हणजे २, सांगतो की आतली रचना ‘झेन २’ आहे. ती २०१९ची! त्याच मालिकेतल्या ‘७८४०एचएस’मध्ये ‘झेन ४’ आहे. नव्या मालिकेच्या नावाखाली जुनी रचना विकली जाते आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो.

रोजच्या वापराला, म्हणजे ब्राउझर, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, कोडिंगचा अभ्यास यांना, अलीकडचा ‘यू’ प्रोसेसर पुरून उरतो. पंख्याचा आवाज कमी, बॅटरी जास्त वेळ. वरच्या आकड्यासाठी मोजायचे पैसे १६ जीबी रॅम आणि पुरेशा एसएसडीवर खर्च करावेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

गेमिंगमध्ये तर प्रोसेसरआधी ग्राफिक्स चिप पाहावी लागते. तिथेही नाव पुरेसे नाही. एनव्हिडियाची लॅपटॉपसाठीची ‘आरटीएक्स ४०६०’ ३५ ते ११५ वॅटपर्यंत चालवता येते. किती वॅट द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे एकाच नावाच्या चिपचे दोन लॅपटॉप वेगात बरेच वेगळे असू शकतात.

याच्या मुळाशी साधे भौतिकशास्त्र आहे. वापरलेल्या विजेची शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढावी लागते. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंखा गरम हवाच आत ओढतो. पातळ लॅपटॉपमधला भारी प्रोसेसर तिथे लवकर दमतो.

फ्रिज-एसीवर विजेचे आकडे छापलेले असतात, ते आपण वाचूनच खरेदी करतो. लॅपटॉपच्या खोक्यावरही प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपला सलग किती वॅट मिळतात आणि आतली रचना कोणत्या वर्षाची आहे, हे ठळक छापणे बंधनकारक व्हायला हवे. ही माहिती कंपन्यांकडे असतेच. तिच्यासाठी ग्राहकाने अंकांचे कोडे का सोडवावे?

तोपर्यंत दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात : प्रोसेसरचे पूर्ण नाव अक्षरासकट काय, ग्राफिक्सला वॅट किती आणि रॅम वाढवता येते का? विक्रेत्याला उत्तरे देता आली नाहीत, तर पैसे देण्याची घाई करू नये.