तिसरी तार

चातुर्मास संपून लग्नसराई जवळ आली की अमरावतीच्या जवाहर गेटच्या आतील घरांत आणि अकोल्याच्या जुन्या शहरातील वाड्यांत स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचा विषय हमखास निघतो. टाइल्सचा रंग, ओट्याचा ग्रॅनाइट, कपाटांची दारे यांवर घरातील लहानथोर आठवडाभर चर्चा करतात. विजेच्या सॉकेटचा विचार मात्र गवंडी काम आटोपत आला असता होतो. मग जेथे जागा उरली तेथे बोर्ड बसतो आणि भिंतीआड काय गेले, हे कोणी विचारीत नाही. तुरीचे पोते काट्यावर चढविल्याशिवाय दुकानात न घेणारा व्यापारी स्वतःच्या घरातील सॉकेट मात्र न तपासता स्वीकारतो.

सॉकेटला तीन भोके असतात. समोरून पाहता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरचे मोठे भोक अर्थिंगचे. प्लगची वरची पिन जाड व लांब असते, ती सर्वांआधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. मिक्सर वा फ्रिजच्या आतील तारेचे आवरण झिजून वीज धातूच्या अंगावर उतरली, तर तिला जमिनीकडे नेणारी वाट म्हणजे ही तिसरी, हिरवी तार. ती जोडली नसली तरी दिवा लागतो, मिक्सर फिरतो, चिमणी चालते. म्हणूनच तिची उणीव वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. ती कळते ती ओल्या हाताने उपकरणाला स्पर्श करणाऱ्या गृहिणीला किंवा मदतनीस बाईला.

तार जोडली म्हणजे काम संपले, असेही नाही. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते. पण उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा ती आक्रसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटू लागते. वीज जमिनीत जाण्याच्या वाटेतील रोध त्यामुळे वाढतो. समजा, या संपूर्ण वाटेचा रोध 20 ओहम झाला. 230 व्होल्टला तेथून सुमारे साडेअकरा अँपिअरच प्रवाह वाहील. मुख्य फळीवरील 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही आणि उपकरणाचे अंग विजेने भारलेलेच राहील. एमसीबी मुळात तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, माणसाचे नव्हे.

माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो अखंड हिशेब ठेवतो. जमाखर्चात एवढीशी तफावत आढळली की क्षणार्धात पुरवठा तोडतो. तिसरी तार असेल, तर बिघाड होताच, कोणी हात लावण्यापूर्वीच तो पडतो. ती नसेल, तर माणसाच्या शरीरातून वीज गेल्यावरच त्याला तफावत कळते. म्हणून दोहोंपैकी एकावर भागत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीतही सोडू नये.

दुसरा प्रश्न भाराचा. जैन घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असल्याने सायंकाळच्या एका तासात मिक्सर, इंडक्शन शेगडी आणि ओव्हन एकदमच चालतात. 2000 वॅटच्या शेगडीला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर लागतात. ती 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालविणे म्हणजे तार तापविणे होय. शेगडी, ओव्हन, गिझर यांना प्रत्येकी 16 अँपिअरचे सॉकेट, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी द्यावा. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसविणारा जोड तर घरात ठेवूच नये. तो तिसरी तारच कापतो.

सॉकेटची जागा ओट्यापासून वीतभर उंच, सिंकपासून निदान दोन फूट दूर आणि गॅसच्या ज्वाळेच्या वर कधीही नसावी. कपाटात बसणाऱ्या उपकरणाचा खटका बाहेर, हाताशी असावा. भिंतीतील झिऱ्या सरळ उभ्या वा आडव्याच काढाव्यात, तिरप्या नव्हेत. नाहीतर पुढे खुंटी ठोकताना खिळा तारेत जातो. प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मापाची पट्टी धरून, छायाचित्र काढून ठेवावे. पेटी आणि टाइल यांतील फट बुजवावी. तेथून ओल शिरते, तसेच उबेच्या ओढीने मुंग्या, झुरळे, पाली आत जातात आणि जीव गमावतात.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी तीन गोष्टी समोर करून दाखविण्यास सांगाव्यात : प्रत्येक सॉकेटमध्ये परीक्षक लावून तिन्ही तारांची जोडणी, अर्थ टेस्टरवर खड्ड्याच्या रोधाचा आकडा आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबताच पुरवठा तुटणे. ते बटण पुढेही दर महिन्याला दाबावे.

कोणी जयणा म्हणतो, कोणी यत्नाचार; पाणी गाळताना, धान्य निवडताना, चूल पुसताना घरातील स्त्री ती रोज पाळते. ज्या भिंतीशी ती दिवसाचे कितीतरी तास उभी असते, त्या भिंतीआडची तिसरी तार जोडली आहे की नाही, हे टाइल लागण्यापूर्वी पाहणे, ही घरच्या कर्त्याने पाळावयाची जयणा आहे.