तुकडा नको, ठिगळ चालेल

आमची आय ज्या सोसायटीत धुणंभांडी करते तिथं लिफ्टशेजारी एक बोर्ड लागलाय. कमी वापरा, पुन्हा वापरा, कचरा टाळा. खाली झाडाचं चित्र. त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं आयच्या हातात एक गच्च पिशवी दिली. घरी आणून उघडली. पदर फाटलेल्या दोन साड्या, चेन तुटलेली पोराची पँट, आणि एक बूट. एकच. दुसरा नाहीच. दोस्तहो, त्या घरातला कचरा कमी झाला आणि आमच्या घरातला वाढला. वर बाईनं पुण्य कमावलं ते वेगळं. मी म्हटलं, आत्ता जाऊन परत देतो. आय म्हणाली, गप बस, काम जाईल.

ह्याचं नाव उतरण. आम्हाला कुणी पुनर्वापर शिकवू नये. मनूनं दहाव्या अध्यायात तो कायदाच करून ठेवला होता. शूद्राला काय द्यावं, तर उष्टं अन्न, जुने कपडे, मोडकं सामान. चांडाळानं नेसावं काय, तर प्रेतावरचं. जेवावं कशात, तर फुटक्या भांड्यात. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळाला. पिशवी मात्र अजून चालू आहे.

पण माझं भांडण आज त्या बाईशी नाही. तुमच्याशी आहे.

मोर्च्याच्या दिवशी माझ्या खांद्यावरची शिवण बघून मंडळातली पोरं हसली. बाबासाहेबांचा सूट बघ म्हणाली, आणि तू ठिगळ लावून येतोस? ह्यातल्या निम्म्यांचे मोबाईल हप्त्यावर. काच तडकली की नवा. हप्ता फिटायच्या आधी दुसरा हप्ता.

महाड नीट वाचा रे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, खाऊ नका, दारात फेकलेला तुकडा घेऊ नका. त्याच साली डिसेंबरात तिथंच बायांना सांगितलं, स्पृश्य बायांसारखं नेसा, लुगडं ठिगळाचं असलं तरी चालेल, पण स्वच्छ पाहिजे. माणूस एकच, साल एकच, गाव एकच. दुसऱ्यानं फेकलेला तुकडा नको. आपलं आपण लावलेलं ठिगळ चालेल. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

आमच्या आज्जीचं लुगडं मधी विरलं की ती विरलेला भाग कापून काढायची आणि दोन्ही टोकं जोडून दंड घालायची. आणखी दोन वर्षं निघायची. पार जीर्ण झालं की वाकळ. वाकळ फाटली की पायपुसणं. त्याला कुणी पर्यावरण म्हटलं नाही. दरिद्री म्हटलं.

मी सूतगिरणीत कार्डिंगला आहे. गिरणीत कचरा असा नसतोच. तुटलेला पेळू परत मिक्सिंगला जातो. कोंबरला निघालेले आखूड तंतू विकले जातात, त्यांचं जाडं सूत होतं. गुंता झालेला धागा गॅरेजवाले हात पुसायला नेतात. किलोकिलोचा हिशेब असतो. मालकानं वाचवलं की बचत, आज्जीनं वाचवलं की दारिद्र्य!

आणि शहराचा कचरा निवडतं कोण? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यात बहुतेक दलित बाया. आपण करतो ते काम आहे, भीक नाही, एवढं म्हणायला त्यांना संघटना बांधावी लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचक हा शब्द आला तो काय आपोआप आला नाही.

आता फ्लेक्सचं बोलतो. राग आला तर येऊ द्या. ह्या बाया कागद नेतात, पुठ्ठा, पत्रा, बाटली नेतात. फ्लेक्स कोण नेत नाही. कापडावर प्लास्टिकचा थर, भंगारवाला हात लावत नाही. १४ एप्रिलला आपल्या चौकात एकवीस फ्लेक्स होते, मी मोजले. कोपऱ्यात बाबासाहेब, मधी भावी नगरसेवक. पंधराला सकाळी निम्मे गटारीत. ते गटारीतून कुणाची आय काढते? त्याच फ्लेक्सनं आपल्या वस्तीतल्या पेंटरचा कुंचला बंद पाडला. कापडी बॅनर रंगवून घ्या त्याच्याकडनं. पूर्ण मजुरी देऊन. कितवी जयंती ते वेगळ्या पट्टीवर लिहा. पट्टी बदला, बॅनर धुऊन ठेवा. चपलेला टाका घालणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालता आणि शोरूममध्ये मुकाट्यानं बिल भरता, तेही थांबवा.

काही जण म्हणतील, मग उतरण आणि वाटून वापरणं ह्यात फरक काय? विहारात मंडळाची लग्नाची भांडी आहेत. पातेली, पराती, झारे. दर लग्नाला जातात, घासून परत येतात. नेताना कुणाची मान खाली जात नाही, कारण आज मी नेतो, उद्या तू नेशील. उतरण फक्त खाली येते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं आमची वाकळ कधी मागून नेली का?

भांड्यांचं जमतं तर शिडीचं का नाही? ड्रिल मशीन गल्लीत चार जणांकडं आहे आणि वर्षातनं दोनदा चालतं. पोलीस भरतीची गाईडं दरसाल रद्दीत जातात आणि दरसाल नवी घेतली जातात. ती विहारातल्या कपाटात आणून ठेवा, वहीत नाव लिहून न्या.

रविवारी सकाळी मी विहारात बसणार आहे. आय शिलाई मशीन देते म्हणालीय. तेल संपलंय, ते तुम्ही आणा. फाटकं जे असेल ते घेऊन या, पण धुऊन आणा.