पवनचक्की येण्याआधी गावाने बोलावे

वाऱ्यापासून वीज करण्यास कोणी शहाणा शेतकरी नको म्हणणार नाही. पवनचक्कीला कोळसा लागत नाही, तिचा धूर होत नाही, आणि मनोऱ्यांच्या मधल्या जागेत भुईमूग, ज्वारी घेता येते. तेव्हा हा लेख पवनचक्कीविरुद्ध नाही. ती उभी राहण्याआधी गावाला विचारले जावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मोठा प्रकल्प आला म्हणजे जाहीर सुनावणी होतेच, अशी पुष्कळांची समजूत आहे. मोठी खाण किंवा औष्णिक वीजकेंद्र असेल तर सामान्यतः ती होते. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत लोकांसाठी ठेवावा लागतो, आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी लोकांचे म्हणणे नोंदवून घेतात. परंतु या अधिसूचनेच्या यादीत पवनचक्कीचे नावच नाही. एक उभी राहो की शंभर, या अधिसूचनेखाली ना अहवाल, ना सुनावणी. वनजमीन असेल तर निराळी परवानगी लागते. खासगी माळाला तेवढाही आधार नाही.

हे योग्य नाही. वारा स्वच्छ असला तरी चक्की उभारण्याचे काम हलके नसते. अवजड गाड्यांसाठी डोंगरमाथ्यावर रुंद रस्ता कापावा लागतो. नीट बांधबंदिस्ती केली नाही तर ती माती पावसात ओढ्यात उतरते, आणि गुरांच्या चराईची वाटही तुटते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात ते घटले आणि सरडे वाढले. सरडे वाढल्याने आपले काय बिघडते, असे कोणी विचारील. पण घार आपल्या शेतातले उंदीरही उचलते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आरोग्याचाही प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नसावी, असे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते. दिवसभर राबलेल्या माणसाची झोप ही काही चैनीची वस्तू नव्हे.

मग आपण काय करावे? प्रकल्पाची कुणकुण लागताच ग्रामसभेची मागणी करावी आणि ना-हरकत दाखल्याचा ठराव होण्यापूर्वी आपले म्हणणे लेखी द्यावे. नुसते ‘आमचा विरोध आहे’ किंवा ‘आमची संमती आहे’ असे लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, झऱ्याची जागा, बारमाही ओढा, जवळच्या घराचे अंतर, गुरांची वाट हे सारे लिहावे. रस्त्याची माती कोण अडवणार, वीजवाहिनी कोणाच्या शेतातून जाणार, आणि चक्की निकामी झाल्यावर ती काढून जमीन पूर्ववत कोण करणार, हे विचारावे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. सीमाभागात कागद कानडीत किंवा इंग्रजीत येतो. तो कोणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये.

ज्याची जमीन भाड्याने जाते त्याला पैसे मिळतात. ज्याची दोन जनावरे गायरानावर चरतात त्याला काहीच मिळत नाही. बोलण्याचा पहिला हक्क या दुसऱ्याला हवा. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अशा चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान मागितले आहे. म्हणून गावात सभागृह बांधून देतो किंवा चर्चला रंग देतो, असे कोणी म्हणाले तर त्याचे आभार मानावेत, पण त्या बदल्यात गप्प बसू नये.

सरकारनेही मोठ्या पवनचक्की प्रकल्पांना सुनावणी सक्तीची करावी. चांगल्या कामाला लोकांच्या प्रश्नांची भीती कशाला?