चटई गुंडाळा, डबा ठेवा

दरवर्षी २१ जूनला आपल्या मोबाईलवर सूर्यनमस्कारांचा पूर येतो. त्याच दिवसांत मालगुंडच्या किनारपट्टीवर मासेमारीची बंदी असते, आंब्याचा हंगाम संपलेला असतो आणि भात अजून रोपात असतं. ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांच्या घरात वर्षातले सगळ्यात ओढाताणीचे आठवडे हेच. योगदिन नेमका याच आठवड्यांत येतो आणि आपण पोट आत घेऊन फोटो काढतो.

पतंजलीच्या आठ अंगांत आसन तिसरं आहे. पहिलं अंग यम. त्यात अस्तेय आणि अपरिग्रह येतात: दुसऱ्याचं घेऊ नका, गरजेपेक्षा जास्त साठवू नका. आपण पहिल्या दोन पायऱ्या स्किप करून थेट तिसरीवर चटई अंथरली. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, डिपेन्डन्सी इन्स्टॉल न करताच प्रोग्रॅम रन केला.

‘योगात भुकेचा विषय कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी विनोबांकडे बघावं. कोकणातलाच माणूस, १८९५ साली गागोद्यात जन्मलेला. अस्तेय आणि असंग्रह ही आश्रमाची व्रतं घेऊन ते गावोगाव चालत गेले. १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूमिहीनांनी ८० एकर मागितली, एका जमीनदाराने १०० दिली आणि भूदान सुरू झालं. पुढे त्यात पडीक जमिनीही आल्या, हे खरंच. म्हणून मला त्यांची लहान कल्पना जास्त पटते: सर्वोदय-पात्र. घरात एक भांडं ठेवायचं आणि लहान मुलाच्या हाताने त्यात रोज एक मूठ धान्य टाकायचं. तेव्हा ते शांतिसेनेच्या कामासाठी होतं. आज ते भुकेसाठी असू द्या.

हिशोब सोपा आहे. एक मूठ तांदूळ ४० ग्रॅम धरा. १०० घरं, ३० दिवस: १२० किलो. अन्न सुरक्षा कायद्याचं माप माणशी महिना ५ किलो. म्हणजे २४ माणसांचं महिन्याचं धान्य, तेही कुणाच्या ताटात काही कमी न होता.

‘सरकार रेशन देतंच की!’ देतं, आणि ते मागत राहायलाच हवं. पण अंगठा मशीनवर न उमटणाऱ्या म्हातारीचं काय? हंगामात रत्नागिरीच्या आंबाबागा राखणाऱ्या नेपाळी माणसाचं काय? त्याला इथलं रेशनकार्ड नाही. यम हे जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या अटी न लावता पाळायचे, असं योगसूत्रच सांगतं. ‘तो आपल्या गावचा नाही’ ही सबब तिथेच बाद होते.

शिमग्याची वर्गणी घराघरांतून गोळा करणाऱ्या वाड्यांना तांदळाचा डबा फिरवणं जड नाही. यादी करायला आपण आहोत, फोन हातात आहेच. फक्त घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही.

येत्या २१ जूनला आसनं जरूर करा. त्याआधी वाडीच्या बैठकीत डब्याचा विषय काढा.