पासष्टच्या आतली धूप

मा. सचिव,
मदत व पुनर्वसन विभाग, मंत्रालय, मुंबई

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की तुमच्या दप्तरी अतिवृष्टी होते. बुडालेल्या पिकाच्या पंचनाम्याला हा आकडा चालत असेल. मातीच्या नुकसानीला तो लागू पडत नाही. सत्तर मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर बराचसा रानातच मुरतो. चाळीस मिलिमीटर अर्ध्या तासात कोसळला तर बांध फोडून जातो, आणि कागदोपत्री त्या मंडळात काहीच झालेले नसते.

रिमझिमीतला थेंब बारीक, उतरतोही हळू. धुवाधार सरीतला पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. ढेकळे फुटतात, सुटलेला गाळ मातीची छिद्रे बुजवतो, वर पापुद्रा धरतो आणि मुरायचे थांबलेले पाणी उतार धरते. आधी जातात ते चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय अंश, म्हणजे ज्याच्या जिवावर पीक उभे राहते तेच. जूनमध्ये, सोयाबीनने जमीन झाकण्याआधी, हे सर्वाधिक घडते. त्यात ट्रॅक्टरवाल्याला वळणे कमी घ्यायची असतात, म्हणून तास उताराच्या दिशेने निघतात. पाण्याला आयत्या वाटा.

यात नवे काही नाही. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली मांडलेल्या धुपीच्या समीकरणात पावसाची ऊर्जा आणि त्यातल्या सर्वांत जोरदार अर्ध्या तासाची तीव्रता यांचा गुणाकार येतो. इतके लांब तरी कशाला जायचे? सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू संशोधन केंद्र आहे, आणि उतारावरून किती पाणी व माती वाहते याची मोजणी तिथे स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाली होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत मदत जाहीर झाली. ती हवीच होती. पण ही मदत डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेची. हेक्टरभर रानातून एक मिलिमीटर थर निघून गेला तर बारा-तेरा टन माती जाते, आणि तलाठी बांधावर उभा राहिला तरी त्याला ती दिसत नाही.

महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळामंडळांत उभी आहेत. बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते, तेव्हा मंडळाला एक केंद्र पुरत नाही हे खरे. तरी सुरुवातीला तेवढे चालेल. प्रत्येक मोठ्या पावसातली अर्ध्या तासाची कमाल तीव्रता मंडळनिहाय जाहीर करा. जमिनीच्या नुकसानीसाठी ६५ च्या जोडीला तीव्रतेचा वेगळा निकष ठरवा. आणि ज्या मंडळांत असे पाऊस वारंवार होतात, तिथली समपातळी बांधांची कामे रोजगार हमीत आधी घ्या; उन्हाळ्यात मंजुरी मिळाली तर पेरणीपूर्वी ती उरकतील.

आपला,
मराठवाड्यातील एक कोरडवाहू शेतकरी