पावसाचे माप कोणाच्या पैशाने घ्यायचे?

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस पडला सुमारे ७४ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली, मधले अंतर पंचवीस किलोमीटरही नाही!

आता वही घेऊन एक गणित करा. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद गच्चीवर ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी साचेल? उत्तर येईल ९४,४०० लिटर. एक चौरस किलोमीटरचा हिशेब केलात, तर आकडा ९४ कोटी लिटरांवर जातो. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली होती, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दिवशी बहुतेक पाऊस दुपार ते रात्र एवढ्या वेळात कोसळला आणि दुपारी नेमकी मोठी भरती होती. शेकडो माणसे दगावली.

कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याची कल्पना येत नाही, हे त्या दिवसाने शिकवले. पुढे महापालिकेने शहरात जागोजागी, विशेषतः अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर, स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर १५ मिनिटांनी नोंद मिळू लागली. या नोंदी, जमिनीचे चढउतार, नाल्यांची क्षमता आणि भरतीच्या वेळा एकत्र मांडून कोणत्या भागात किती पाणी तुंबेल याचा अंदाज देणारी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही यंत्रणा केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या साहाय्याने जून २०२० मध्ये सुरू केली.

तुम्ही विचाराल, असले संशोधन सरकारनेच का करावे? एखादी कंपनी का नाही करणार? कारण पुराचा इशारा बाटलीत भरून विकता येत नाही. कुर्ल्यात पाणी शिरणार हे एकाला कळले की ते साऱ्या पेठेला कळते, आणि कळलेच पाहिजे. पैसे देणाऱ्यालाच सावध करायचे आणि शेजारच्या झोपडीला नाही, असे कसे चालेल? जे ज्ञान सर्वांच्या उपयोगाचे, त्याचा खर्च सर्वांच्या तिजोरीतूनच व्हायला हवा. माझ्या मते नोंदी आणि नकाशेही मग सर्वांना खुले असावेत; मुंबईचा पाऊस ही काही गुप्त बाब नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आधी रस्ते, नळ, गटारे द्या, संशोधन मागाहून पाहू! आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. १९८५ च्या पुरानंतर मुंबईच्या गटारांचा अभ्यास झाला, १९९३ मध्ये अहवाल आला. गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा, असे त्यात सांगितले होते. खर्चाचा अंदाज होता सुमारे ६१६ कोटी रुपये. अहवालातील बरेचसे काम २००५ पर्यंत कागदावरच राहिले. पुढे केंद्राने मदत मंजूर केली, तेव्हा खर्च १,२०० कोटींवर गेला होता. म्हणजे अभ्यासाला पैसे देऊन भागत नाही, हे खरेच. पण गटार किती मोठे हवे हे तरी अभ्यासावाचून कोण सांगणार? पाणी उपसणाऱ्या पंपांच्या उद्घाटनाला निदान फीत कापता येते. पर्जन्यमापकाच्या नोंदवहीसाठी फीत कोण कापतो?

आपला देश एकूण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१ चे आकडे सांगतात. त्यातला शहरांच्या वाट्याला येणारा भागही मोठ्या शहरांकडे वळतो. चिपळूण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले. या गावांच्या नद्या, उतार आणि धरणांचे विसर्ग वेगळे आहेत. मुंबईचे उत्तर उचलून त्यांना चिकटवता येणार नाही. त्यांचा अभ्यास त्यांच्याच मातीत, वर्षानुवर्षे व्हायला हवा.

शिक्षकांना एक विनंती. नगरपालिकेचे अंदाजपत्रक हा सार्वजनिक कागद आहे. वर्गात एकदा तो मागवा आणि पाऊस, नदीची पातळी, भूजल यांच्या मोजणीसाठी त्यात किती रुपये ठेवले आहेत, ते मुलांना शोधायला सांगा.